दहा देशांचा तक्ता: राष्ट्रीय भू-माहिती व्यवस्थांच्या मूल्यमापनाच्या नोंदी

९ जून २०२५

आज कामाला हात घातला. दहा देश पक्के झाले: अमेरिका, ब्राझील, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्पेन, दक्षिण आफ्रिका, जपान, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि भारत. रस्ते, नद्या, गावांच्या शिवा, पत्ते, उंची, जमिनीचे गट ही पायाभूत माहिती एकदाच नीट गोळा करायची, ठरलेल्या मानकांत ठेवायची आणि ज्याला लागेल त्याला ती सापडेल, जुळवता येईल, वापरता येईल अशी सोय करायची. या सगळ्याला एसडीआय (स्पेशियल डेटा इन्फ्रास्ट्रक्चर) म्हणतात, देशपातळीवर एनएसडीआय (नॅशनल एसडीआय). नव्वदच्या दशकात ही कल्पना जगभर पसरली. आता कोण कुठवर पोचलं ते आम्हाला मांडायचं आहे.

पहिला तक्ता बारा रकान्यांचा केला. कायदा आहे का, समन्वय समिती आहे का, पोर्टल आहे का, मेटाडेटाचं (माहिती कुणाची, कधीची, कशी हे सांगणाऱ्या नोंदीचं) मानक स्वीकारलंय का, असे प्रश्न. ‘हो’ला एक गुण, ‘नाही’ला शून्य. आमच्या विद्यार्थिनीने संध्याकाळपर्यंत सहा देश भरूनही टाकले, आणि सहाही देश नऊ ते अकरा गुणांच्या मध्येच आले. सहा इतके वेगळे देश जर एकाच मापात बसत असतील, तर मापच तपासायला हवं.

१३ जून

आधी कोणी काय केलंय ते वाचलं. हे काम आम्ही पहिल्यांदा करत नाही आहोत, आणि आधीच्या लोकांच्या चुका पुन्हा करायला वेळ नाही.

नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठात योप क्रोम्पव्हूत्स यांनी २००० सालापासून जगभरातली राष्ट्रीय क्लिअरिंगहाऊस, म्हणजे नकाशांची माहिती शोधून देणारी सरकारी संकेतस्थळं, ठराविक काळाने तपासली. एप्रिल २००५ पर्यंत अशी ८३ स्थळं त्यांना मोजता आली. मला महत्त्वाची वाटली ती त्यांची दुसरी गोष्ट. स्थळांची संख्या वाढत होती, पण पुष्कळ ठिकाणी वापर आणि देखभाल खाली येत होती. उद्घाटन झालं, निधी संपला, दुवे मेले. संख्या मोजणाऱ्याला हे दिसलंच नसतं. त्यांनी तीच स्थळं पुन्हा पुन्हा उघडली म्हणून दिसलं.

क्युबाच्या तातियाना देल्गादो आणि सहकाऱ्यांनी ‘सज्जता निर्देशांक’ बनवला. संघटन, माहिती, माणसं, तंत्रज्ञान आणि पैसा अशी त्याची पाच अंगं. एखादा देश ही व्यवस्था उभारायला तयार आहे का, हे त्यातून कळतं. उभारलेली चालते का, हा त्यापुढचा प्रश्न.

वागेनिंगेनचेच ग्रुस, क्रोम्पव्हूत्स आणि ब्रेख्त यांनी २००७ मध्ये मांडलं की ही व्यवस्था गुंतागुंतीची असते आणि सतत बदलत राहते, त्यामुळे एकाच मापाने मोजली तर हाती काही लागत नाही. एकाच वेळी अनेक बाजूंनी बघा. हे पटलं. सरांनाही पटलं, पण त्यांचं म्हणणं, “अनेक बाजूंनी बघा म्हणजे नेमकं कुठून, ते आपल्याला ठरवावं लागेल. नाहीतर सगळंच थोडं थोडं होईल.”

१९ जून

कायद्याचा रकाना घेऊन बसले. तारखा एका ओळीत मांडल्या आणि तासाभरात हा रकाना डोळ्यांसमोर ढासळला.

अमेरिकेत ११ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १२९०६ क्रमांकाचा कार्यकारी आदेश काढला. एनएसडीआय हे नाव जगभर रूढ झालं त्यात या आदेशाचा मोठा वाटा आहे. संसदेचा कायदा मात्र ५ ऑक्टोबर २०१८ ला आला, तोही विमान वाहतुकीच्या एका मोठ्या विधेयकाचा भाग म्हणून. मधली चोवीस वर्षं अमेरिकेला कायद्याच्या रकान्यात शून्य द्यायचं का? त्याच काळात, २००८ मध्ये, त्यांनी लँडसॅट उपग्रहाची सगळी चित्रं जगाला फुकट खुली केली. आपल्याकडच्या किती प्रबंधांचा पाया ती चित्रं आहेत!

दक्षिण आफ्रिकेचं याच्या उलट. त्यांचा एसडीआयचा स्वतंत्र कायदा २००३ चा, क्रमांक ५४. आमच्या यादीत सर्वांत आधीचा. पण त्या कायद्याने सांगितलेली समिती प्रत्यक्ष कामाला लागायला २०१० साल उजाडलं.

ब्राझीलने २००८ च्या नोव्हेंबरमध्ये हुकूमनाम्याने व्यवस्था स्थापन केली. स्पेनचं पोर्टल २००४ चं आणि कायदा २०१० चा, म्हणजे आधी काम, मग कायदा.

कायद्याला किंमत नाही असं मी म्हणत नाही. खात्यांना एका टेबलाशी बसवायला कायदा लागतोच. पण ‘कायदा आहे का’ या प्रश्नाच्या जागी ‘कायद्याने जे करायला सांगितलं ते किती वर्षांनी झालं’ असा रकाना केला.

२६ जून

भारत. इथे हात थोडा थरथरतो, कारण ही गोष्ट मी बाहेरून बघितलेली नाही.

क्रम असा. २००१ मध्ये कृती दलाने एनएसडीआयचा आराखडा आणला. फेब्रुवारी २००४ मध्ये जागतिक एसडीआय परिषद बंगळुरूला भरली. १९ मे २००५ ला राष्ट्रीय नकाशा धोरण आलं: संरक्षणासाठी एक मालिका, नागरिकांसाठी दुसरी, खुली मालिका. २००६ मध्ये मंत्रिमंडळाने एनएसडीआयला मान्यता दिली आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये भारताचं जिओपोर्टल सुरू झालं. कागदावर हे कुठल्याही देशाच्या तोडीस तोड आहे. पहिल्या तक्त्यात भारताला बारापैकी अकरा गुण मिळाले होते ते उगाच नाही.

आता मी त्याच काळात काय करत होते ते लिहिते. मी एमएस्सीला होते, विषय होता कोकणातल्या एका नदीचं खोरं. किनाऱ्यालगतच्या टोपोशीट (सर्वे ऑफ इंडियाचे तपशीलवार नकाशे) तेव्हा निर्बंधित यादीत असायच्या, देशाच्या सीमेलगतच्याही. विभागप्रमुखांचं पत्र, मग वरच्या कार्यालयाचं पत्र, मग शीट जपून ठेवण्याची हमी, मग उत्तराची वाट. चार महिने गेले आणि शेवटी मी खोरंच बदललं. घाटमाथ्याच्या या बाजूची नदी घेतली, कारण तिची शीट विकत मिळत होती. माझ्या प्रबंधातली नदी भूगोलाने ठरवली नाही, परवानगीने ठरवली. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मोठा बदल झाला १५ फेब्रुवारी २०२१ ला. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वं, मोजकी पानं. भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे बनवायला, माहिती गोळा करायला, प्रसिद्ध करायला आधी परवानगी लागणार नाही. आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर हा उंबरठा ठेवला, त्याहून बारीक माहिती तयार करणं आणि बाळगणं भारतीय संस्थांपुरतं. पाठोपाठ २८ डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आलं. त्यात २०३० पर्यंत शहरी आणि ग्रामीण भागाचं ५ ते १० सेंटिमीटर बारकाव्याचं सर्वेक्षण, वनांचं आणि पडीक जमिनीचं ५० सेंटिमीटर ते एक मीटरचं, असं लक्ष्य आहे.

म्हणजे वीस वर्षं समित्या, परिषदा, पोर्टल यांनी जे हललं नाही ते ‘परवानगी लागणार नाही’ या एका वाक्याने हललं. हे वाक्य आमच्या बारा रकान्यांपैकी एकातही बसत नव्हतं. नवा रकाना केला: ‘सामान्य विद्यार्थ्याला पायाभूत थर मिळायला किती पायऱ्या आणि किती दिवस लागतात’. थर म्हणजे रस्ते, नद्या, शिवा अशा एकेका विषयाची नकाशा-माहिती.

आज सर्वे ऑफ इंडियाच्या स्थळावर लॉगिन करून खुल्या मालिकेची शीट उतरवायला मला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. विद्यार्थिनी शेजारी बसून बघत होती, तिला यात नवल वाटलं नाही. तिला नवल वाटत नाही याचाच मला फार आनंद झाला.

४ जुलै

दोन दिवस वाया गेले. कारण लिहून ठेवते, कारण ते मूल्यमापनाच्या कामाचं आहे.

खात्रीसाठी आम्ही एक गाव निवडलंय, मुळशी तालुक्यात, पौडच्या जवळ. त्या गावाची शीव दोन वेगवेगळ्या सरकारी थरांमधून घेतली आणि खाली जुनी, छापील टोपोशीट ४७ एफ/१० स्कॅन करून ठेवली. ओढा, गाडीरस्ता, देऊळ, सगळं शीटवर एका बाजूला आणि उपग्रहचित्रावर दुसऱ्या बाजूला! आम्ही आधी थरांवरच शंका घेतली. सहकाऱ्याने तर ‘माहिती सदोष’ अशी टीपही लिहिली.

चूक आमची होती. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर, बेतलेल्या आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणापासून चालत आलेल्या. खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक संदर्भावर आहे, आपला फोनही त्यावरच चालतो. जुन्या शीटच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे नव्या संदर्भात टाकले की पुण्याच्या आसपास सगळा नकाशा आग्नेयेला शंभर मीटरहून जास्त सरकतो. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी शिकवते आणि तरी घाईत विसरले, कारण शीटबरोबर आलेल्या माहितीपत्रात डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश कोणत्या संदर्भावरून मोजले त्याची, ओळच नव्हती आणि मी ती शोधायला थांबले नाही.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथेच लिहून टाकते. त्यांचा भूखंड दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. १९९४ चा त्यांचा संदर्भ आणि २०२० चा संदर्भ यांत १.८ मीटरचा फरक पडला. शेतातला ट्रॅक्टर उपग्रहाच्या आधाराने चालवायचा तर हा फरक चालत नाही, म्हणून अख्ख्या देशाने संदर्भ बदलला. प्रत्येक थराच्या मेटाडेटात तो कोणत्या संदर्भात आहे हे लिहिलेलं असणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

तक्त्यात ‘मेटाडेटाचं मानक स्वीकारलंय का’ काढून टाकलं. त्याऐवजी प्रत्येक देशाचे पाच थर उतरवायचे आणि तीन गोष्टी शोधायच्या: डेटम, शेवटच्या सुधारणेची तारीख, आणि मूळ माहिती कुणी आणि कशी गोळा केली. सापडलं तर सापडलं असं लिहायचं.

डेटम सुधारल्यावर शीट जागेवर बसली. पण दोन सरकारी थरांमधला आपसातला फरक तसाच राहिला. ओढ्यापाशी एक शीव अलीकडून जाते, दुसरी पलीकडून.

९ जुलै

पौडच्या अलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त भूकरमापकांकडे गेलो. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. बाहेर धो धो पाऊस, पडवीत बसून त्यांनी आमच्या छापील नकाशावर बोट ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ही रेघ कशावरून मारली? टिपणावरून, का गावनकाशावरून?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. दोन्ही थरांच्या मेटाडेटात ते नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी शेतात उभं राहून केलेलं कच्चं रेखाटन, मापांसकट. मधली पायारेषा, तिच्यावर टाकलेले लंब, प्रत्येकाच्या टोकाला आकडे. ते आकडे साखळीत आणि आण्यांत. एक साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. गावनकाशा त्यानंतर कार्यालयात बसून काढलेला. कागद ताणला, आकसला, घडीवर फाटला, पुन्हा काढला. टिपणातला आकडा मात्र आकडाच राहिला. “नकाशा भिजला की माप बदलतं. आकडा भिजला तरी वाचता येतो,” अण्णा म्हणाले. पुढे जमीन एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि कागदांची आणखी एक पिढी वाढली.

ओढ्याबद्दल विचारलं. शीव मूळ मोजणीत ओढ्याच्या मधोमध धरलेली आहे, पण ओढ्याने त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा वाट बदलली. वरच्या अंगाला तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड अजून जागेवर असावा. पावसाळा सरला की दाखवतो म्हणाले.

परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही. दोन थर वेगवेगळ्या पिढीच्या कागदांवरून आले असणार आणि दोघांनीही ते लिहून ठेवलेलं नाही. वरच्या बाजूने दोन्ही सुबक, रंगीत, झूम होणारे.

१७ जुलै

इंडोनेशिया. ओढ्याची गोष्ट डोक्यात असताना हे वाचलं म्हणून जास्त भिडलं.

२०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांच्यापुढे जंगलाचे दोन नकाशे आले, एक वनमंत्रालयाचा आणि एक पर्यावरण मंत्रालयाचा. दोन्ही अधिकृत. दोन्हींत जंगल वेगळं. ज्या देशात जंगलतोड थांबवायचे करार चालू आहेत, पाम तेलाच्या मळ्यांना, खाणींना परवाने दिले जातायत, तिथे जंगल कुठून कुठवर आहे यावरच दोन खात्यांचं एकमत नाही. त्यातून ‘एक नकाशा’ धोरण आलं. २०११ च्या भू-माहिती कायद्याने राष्ट्रीय संस्थेला अधिकार दिले, २०१६ च्या राष्ट्राध्यक्षीय नियमाने ८५ विषयांचे नकाशे ५०,००० ला एक या प्रमाणावर एकाच पायावर आणायचं ठरलं, २०१८ च्या डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं आणि २०२१ मध्ये विषयांची संख्या १५८ झाली.

मला यातली सर्वांत धीराची गोष्ट ही वाटते की त्यांनी नकाशे एकत्र करून थांबायचं ठरवलं नाही. थर एकमेकांवर टाकून जिथे दावे आदळतात, म्हणजे एकाच जागेवर जंगलही, मळाही, खाणही, त्या जागा शोधणं आणि सोडवणं हा धोरणाचाच भाग केला. विसंगती लपवायची नाही, यादीत घ्यायची.

उणी बाजूही लिहिते. सुरुवातीला पोर्टलवर कोणाला काय दिसेल हे पदानुसार ठरवलं होतं आणि ज्यांची जमीन त्या नकाशावर आहे त्या गावकऱ्यांना बराच भाग दिसत नव्हता. आदिवासी समूहांनी स्वतः मोजलेल्या पारंपरिक हद्दी त्या एका नकाशात कशा येणार, हा वाद मोठा आहे. आमच्या ‘किती पायऱ्या’च्या रकान्यात म्हणून इंडोनेशियापुढे दोन नोंदी आहेत, अधिकाऱ्यासाठी एक आणि गावकऱ्यासाठी एक.

२२ जुलै

जपान थोडक्यात. १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. मदतकार्यात लक्षात आलं की रस्ते, नळ, गॅस, इमारती यांची माहिती वेगवेगळ्या कार्यालयांत आहे आणि ती एकत्र लावता येत नाही. त्याच वर्षी सरकारने खात्यांची समन्वय समिती नेमली, २००७ मध्ये भू-माहितीचा मूलभूत कायदा केला आणि पायाभूत नकाशा-माहिती उतरवून घेण्यासाठी खुली केली.

सहकारी म्हणाला, प्रत्येक देशाच्या गोष्टीत एक धक्का आहे. कोबेत भूकंप, इंडोनेशियात दोन नकाशे. खरं आहे. ‘कशामुळे सुरुवात झाली’ असा रकाना करायचा मोह झाला, पण त्याला गुण कसे देणार? टिपणवहीत ठेवलं.

३० जुलै

डेन्मार्क. इथे पहिल्यांदा कुणीतरी फायदा रुपयांत, म्हणजे युरोत, मोजलेला सापडला.

२००२ मध्ये त्यांनी ठरवलं की देशातला प्रत्येक अधिकृत पत्ता आणि त्याचे निर्देशांक सर्वांना फुकट द्यायचे. नगरपालिका ही माहिती आधीपासून ठेवतच होत्या, पण ती विकली जायची. २०१० मध्ये अभ्यास झाला. २००५ ते २००९ या पाच वर्षांत समाजाचा थेट आर्थिक फायदा सुमारे ६२ दशलक्ष युरो आणि खर्च सुमारे २ दशलक्ष. फायद्यातला साधारण ७० टक्के वाटा खाजगी क्षेत्राचा, ३० टक्के सार्वजनिक. पुढे २०१३ पासून त्यांनी नकाशांसह आणखी मूलभूत माहिती खुली केली.

पत्त्याचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. “मारुती मंदिरामागे, पिंपळाच्या डाव्या हाताला” या पत्त्यावर रुग्णवाहिका बोलावताना जो वेळ जातो तो आपल्या हिशेबात कुठेच धरलेला नाही. तो धरायला हवा असं मला मनापासून वाटतं. भारतासाठी असा अभ्यास आमच्या आवाक्यातला नाही, पण एका तालुक्यापुरता, एका सेवेपुरता करता येईल. पुढच्या प्रस्तावासाठी सरांशी बोलायचं.

६ ऑगस्ट

नेदरलँड्सवर आज पूर्ण दिवस दिला आणि अजून एक द्यावासा वाटतो.

त्यांच्याकडे ‘मूलभूत नोंदवह्या’ अशी पद्धत आहे. पत्ते आणि इमारतींची नोंदवही, बाग नावाची, २००९ मध्ये लागू झालेल्या कायद्याने आली. नगरपालिका ती भरतात, कदास्तर ही जमीन-नोंदणी संस्था देशपातळीवर सांभाळते आणि लॉगिन न करता ती कुणालाही उतरवता येते. एवढं बऱ्याच देशांत आहे. पुढचे दोन नियम मात्र थांबून वाचावे असे. पहिला, सरकारी कार्यालयांना तीच नोंदवही वापरणं बंधनकारक. स्वतःची वेगळी यादी ठेवायची नाही, नागरिकाला तीच माहिती पुन्हा विचारायची नाही. दुसरा, वापरताना चूक असल्याची रास्त शंका आली तर ती कळवणंही बंधनकारक. कळवलं की नोंदीवर ‘तपास सुरू’ अशी खूण होते आणि नगरपालिकेला ती तपासावी लागते.

म्हणजे चूक सापडणं हा तिथे कामाचाच भाग आहे. अण्णांच्या पडवीत जो प्रश्न निघाला, ‘ही रेघ कशावरून मारली’, तो विचारायची जागाच त्यांनी व्यवस्थेत बांधून ठेवली आहे. बंधनकारक वापरामुळे चुका लवकर उघड्या पडतात, आणि कळवण्याच्या वाटेमुळे त्या दुरुस्त होतात. दोन नियम एकमेकांशिवाय अपुरे आहेत. नुसता पहिला असता तर चुकीची माहिती सगळ्यांच्या गळ्यात बांधली गेली असती.

रात्री विद्यार्थिनीचा संदेश आला: “मॅडम, मग आपल्या गावाची चूक आपण कुठे कळवायची?” उत्तर द्यायला मला वेळ लागला. दोन्ही थरांच्या पानांवर संपर्काचा ईमेल पत्ता आहे, एवढंच लिहिलं.

१४ ऑगस्ट

स्वतःचं मूल्यमापन स्वतः करण्याबद्दल.

युरोपीय संघाचा इन्स्पायर हा भू-माहितीविषयीचा निर्देश १५ मे २००७ ला लागू झाला, माहितीचे ३४ विषय, सर्व सदस्य देशांना बंधनकारक. २०१० पासून देश दरवर्षी ठरलेल्या निर्देशकांचे आकडे पाठवायचे. स्वतःच भरायचे. २०१९ मध्ये नियम बदलले आणि निर्देशक थेट प्रसिद्ध झालेल्या मेटाडेटातून काढायचं ठरलं. चांगला बदल, कारण मेटाडेटा नसेल तर आकडाच येत नाही. पण मेटाडेटा नियमाप्रमाणे असणं आणि ओढा योग्य जागी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी संगणकाला दिसत नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याने संस्थांच्या कामाला तीन श्रेणी ठरवून दिल्या आहेत: अपेक्षा पूर्ण, प्रगती झाली, अपेक्षा अपूर्ण. तिथेही सुरुवात संस्थेच्या स्वतःच्या अहवालापासून होते.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचा एकात्मिक भू-माहिती आराखडा २०१८ चा, नऊ मार्गांचा: प्रशासन, कायदा, पैसा, माहिती, नवकल्पना, मानकं, भागीदारी, क्षमता, संवाद. २०२२ मध्ये हैदराबादला जागतिक परिषद झाली तेव्हापासून आपल्याकडेही त्याचीच भाषा ऐकू येते. देशाने आपलं घर लावून घ्यायला तो उपयोगी आहे. देशांची क्रमवारी लावायला तो बनवलेलाच नाही.

२१ ऑगस्ट

सरांशी वाद झाला. त्यांना शेवटी एकूण गुण हवे आहेत, कारण अहवाल वाचणारा पहिल्यांदा क्रमांक शोधतो. मला एकूण गुण नको आहेत. डेन्मार्कचे पत्ते आणि इंडोनेशियाचं जंगल यांची बेरीज कशाची होते? सतरा हजारांहून जास्त बेटांचा देश आणि महाराष्ट्राच्या सातव्या भागाएवढा देश, दोघांना एका शिडीवर उभं करून शिडीची पायरी सांगायची, यातून इंडोनेशियातल्या कुणालाही आपल्या पुढच्या वर्षी काय करायचं ते कळणार नाही.

सर म्हणाले, “क्रमांक नसेल तर मंत्रालयात कुणी पान उलटणार नाही.” यालाही वजन आहे, त्यांनी तिथे पंचवीस वर्षं काढली आहेत.

मधला मार्ग निघाला. एकूण गुण नाहीत, पण प्रत्येक रकान्यात देश क्रमाने लावायचे. नवे रकाने सात: कायद्याने सांगितलेलं व्हायला लागलेली वर्षं, विद्यार्थ्याला थर मिळायच्या पायऱ्या, पाच थरांत डेटम, तारीख आणि मूळ सापडतं का, एकाच गोष्टीचे दोन अधिकृत थर जुळतात का, सरकारी कार्यालयं तीच माहिती वापरतात का, चूक कळवता येते का, आणि कळवल्यावर उत्तर येतं का. भारत पायऱ्यांच्या रकान्यात २०२१ नंतर किती वर सरकला हे त्यातून ठळक दिसतं, आणि शेवटच्या दोन रकान्यांत कुठे आहे तेही.

जुळण्याच्या रकान्यासाठी प्रत्येक देशात एक गाव बारकाईने बघायला हवं. बाहेरच्या देशांत ते चित्रांवरूनच करू शकतो. इथे प्रत्यक्ष.

११ सप्टेंबर

सकाळी सातला पौड. पाऊस नव्हता, गवत कमरेएवढं. अण्णा हातात काठी घेऊन पुढे, त्यांच्यामागे त्यांचा नातू, मग आम्ही तिघं उपग्रहावरून जागा मोजणारा रिसीव्हर आणि काठ्या सांभाळत. ओढ्याच्या वरच्या अंगाला चढून गेल्यावर ते करवंदीच्या जाळीपाशी थांबले, आजूबाजूला बघितलं, चार पावलं मागे आले आणि काठीने गवत बाजूला केलं. दगड तिथेच होता. गुडघ्यापर्यंत उंच, एका अंगाने कललेला, वर शेंदराचा पुसट ठिपका. कोणीतरी अजून पुजतं.

सर्वे ऑफ इंडियाच्या सीओआरएस, म्हणजे उपग्रहांचे संकेत अखंड टिपणाऱ्या कायम स्थानकांच्या जाळ्यावर रिसीव्हर जोडला. मिनिटभरात दोन सेंटिमीटरच्या आतलं वाचन आलं. तीनदा घेतलं, दोन जणांनी वेगवेगळं. अण्णांनी वाचन पुन्हा पुन्हा विचारलं आणि नातवाकडून आपल्या वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी कार्यालयात थर उघडले. पहिल्या थरातला तीन शिवांचा बिंदू दगडापासून ३८ मीटर दूर, दुसऱ्याचा ११ मीटर. बरोबर कोणताच नाही. पण दुसरा थर दगडाच्या जवळ असूनही ओढ्याच्या खालच्या अंगाला जास्त चुकतो, म्हणजे त्याने ओढ्याचा नवा प्रवाह शीव म्हणून धरलाय असं दिसतं. पहिल्यात शिवेचा आकार टिपणासारखा आहे, फक्त अख्खा सरकलाय. एकाचा आकार आणि दुसऱ्याची जागा घेतली तर बरंच जुळेल. हे दोन थर बनवणारी माणसं एका खोलीत बसली असती तर एका दुपारचं काम.

वाचन, दगडाचे चार बाजूंनी फोटो, जुन्या टिपणाचं चित्र आणि दोन पानांचं पत्र, असं दोन्ही कार्यालयांना पाठवलं. पत्राचा मसुदा विद्यार्थिनीने केला आणि मी फक्त एक वाक्य बदललं. तक्त्यात भारताच्या ओळीत ‘चूक कळवली’पुढे आजची तारीख घातली आहे. ‘उत्तर’ हा रकाना उघडा आहे, दर सोमवारी बघायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय.